टॅब्लेटवर रेघ बसवताना: पहिल्या चार आठवड्यांचा सराव

कागदावर बऱ्यापैकी सरळ रेघ मारणारा हात संगणकाला जोडायच्या चित्रकलेच्या टॅब्लेटवर आला की रेघ थरथरते, वर्तुळ चपटं होतं आणि जिथे टोक टेकवायचं तिथून बोटभर लांब टेकतं. स्क्रीन नसलेला टॅब्लेट घेतलेल्या बहुतेकांचे पहिले दिवस असेच जातात. हात टेबलावर, नजर समोरच्या पडद्यावर. या दोघांची सांगड बसायला वेळ लागतोच. पण सगळा दोष हाताचा नसतो. थोडा टॅब्लेटचा असतो, थोडा सेटिंगचा आणि उरलेला हाताचा. हे तीन वेगळे न काढता सराव सुरू केला, तर चुकीच्या मॅपिंगवर, म्हणजे टॅब्लेटची जागा पडद्यावर चुकीची बसवलेली असताना, गोल वर्तुळ काढायची सवय हाताला लागते आणि मॅपिंग सुधारलं की तीच सवय मोडत बसावं लागतं. म्हणून पहिली संध्याकाळ फक्त मांडणीला आणि तपासणीला द्या.

पुढची माहिती विंडोजचा संगणक आणि त्यावर क्रिटा हे चित्रकलेचं मोफत सॉफ्टवेअर धरून दिली आहे. फोटोशॉप किंवा क्लिप स्टुडिओ वापरत असाल तर मेन्यूंची नावं बदलतील, सराव तोच राहील.

## टेबलाची मांडणी

टॅब्लेट मॉनिटरच्या बरोबर समोर ठेवा. कीबोर्ड मधे आणि टॅब्लेट उजव्या हाताला असा प्रकार लिहिण्यापुरता चालतो, चित्र काढताना नाही. खांदा एका बाजूला ओढला जातो आणि रेघा तिरक्या होतात. कीबोर्ड डाव्या हाताखाली सरकवा, तिथे फक्त शॉर्टकट लागतात. खुर्चीची उंची अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील आणि टेबलाच्या कडेवर दाबलं जाणार नाही. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, आणि वीस मिनिटांत मान धरते.

पेन टोकापासून अडीच-तीन सेंटीमीटर वर धरा. बहुतेक पेनांवर नेमकं तिथेच बटण असतं. ते नकळत दाबलं जातं, मधेच राइट क्लिकचा मेन्यू उघडतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. पहिला महिनाभर ड्रायव्हरमधून, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते बटण बंदच करून टाका.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तळहाताची कड टॅब्लेटला चिकटते आणि रेघ अडखळत पुढे सरकते. दोन बोटांचा आर्टिस्ट ग्लव्ह मिळतो, पण जुना सुती पायमोजा कापून करंगळी आणि तळहाताची कड झाकली तरी तेच काम होतं. पृष्ठभाग फार गुळगुळीत वाटत असेल तर टॅब्लेटवर साधा झेरॉक्सचा कागद कडांना टेप लावून बसवा. पेन कागदातूनही वाचला जातो आणि निबेला, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकाला, धरायला थोडा खरखरीतपणा मिळतो. निब मात्र लवकर झिजते. एका बाजूने छिन्नीसारखी धार आली की ती बदला, नाहीतर टॅब्लेटवर ओरखडे उठतात.

## ड्रायव्हर आणि सेटिंग

१. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर पूर्ण काढून संगणक रीस्टार्ट करा. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. दाब नोंदला न जाण्याचं हे नेहमीचं कारण. नवा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

२. पेन मोड निवडा, माउस मोड नाही. पेन मोडमध्ये टॅब्लेटचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा. हे नातं कायम राहिलं तरच हाताला जागा लक्षात राहते.

३. दोन मॉनिटर असतील तर टॅब्लेट एकाच मॉनिटरला जोडा.

४. प्रमाण जुळवा. याबद्दल खाली सविस्तर.

५. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पेन अँड टचमध्ये जाऊन पेन दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय बंद करा. ती चालू असेल तर रेघेच्या सुरुवातीला एक गोल कडं दिसतं आणि पहिले काही मिलिमीटर रेघ उमटतच नाही.

६. क्रिटात दाब नोंदला जात नसेल तर सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज इथे विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. चालू असलेला बदलून दुसरा लावा आणि क्रिटा बंद करून उघडा.

आता प्रमाण. समजा टॅब्लेटची कामाची जागा १० बाय ६.२५ इंच आहे, म्हणजे १६:१०. मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे १६:९. ड्रायव्हर पूर्ण टॅब्लेट पूर्ण पडद्यावर ताणून बसवतो तेव्हा आडव्या एका इंचाला १९२ पिक्सेल येतात आणि उभ्या एका इंचाला जेमतेम १७३. हाताने अचूक गोल काढला तरी पडद्यावर रुंदी १० आणि उंची ९ अशा प्रमाणात लांबट आकार उमटणार. यावर उपाय एकच: टॅब्लेटची वापरायची उंची ६.२५ वरून ५.६२५ इंच करा. खाली दीडेक सेंटीमीटरची पट्टी निकामी राहते, राहू द्या. वॅकॉमच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी फोर्स प्रपोर्शन्स नावाचा पर्याय आहे; इतर ड्रायव्हरमध्ये आकडे हाताने भरता येतात. तुमच्या टॅब्लेटचं माप वेगळं असेल तर रुंदीला १६ ने भागून ९ ने गुणा, की उंची मिळते.

## दोष कुणाचा? तीन तपासण्या

बांगडी. काचेची किंवा प्लॅस्टिकची बांगडी टॅब्लेटवर ठेवा आणि आतल्या कडेने पेन फिरवा. धातूची नको, कारण टॅब्लेट पेनाची जागा विद्युतचुंबकीय पद्धतीने ओळखतो आणि धातूने त्यात गडबड होऊ शकते. पडद्यावर पट्टी धरून उमटलेल्या वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजा. सारखी आली तर मॅपिंग बरोबर. नाही आली तर वर्तुळांचा सराव अजून सुरू करू नका.

तिरकी पट्टी. प्लॅस्टिकची पट्टी टॅब्लेटवर कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरकी धरा आणि तिला टेकवून दहा सेंटीमीटरची रेघ अगदी सावकाश, पाच-सहा सेकंद घेऊन ओढा. पट्टी असूनही रेघ नागमोडी आली, तर तो दोष टॅब्लेटचा आहे, हात निर्दोष आहे. लॅपटॉपचा चार्जर किंवा मोबाइल टॅब्लेटजवळून हलवा, यूएसबी पोर्ट बदला, टेबल लोखंडी असेल तर खाली जाड पुठ्ठा घाला, आणि पुन्हा बघा. एवढं करूनही नागमोड राहिली तर ती त्या टॅब्लेटची मर्यादा समजा. सावकाश तिरक्या रेघांतच ती दिसते, वेगात मारलेल्या रेघेत जवळजवळ नाहीशी होते. पट्टीला धरून रेघ सरळ येत असेल, तर मात्र थरथर हाताची आहे आणि ती सरावाने जाईल.

डोळे मिटून आडव्या रेघा. डोळे मिटा, डावीकडून उजवीकडे पाच आडव्या रेघा मारा, मग बघा. पाचही एकाच बाजूला चढल्या असतील तर तुमच्या हाताची नैसर्गिक ओढ त्या कोनात आहे. रेघा उजवीकडे वर जात असतील तर टॅब्लेटही तेवढाच, त्याच दिशेने फिरवा, म्हणजे उजवी बाजू तुमच्यापासून किंचित लांब. पुन्हा पाच रेघा मारा. आडव्या आल्या की टॅब्लेटच्या कोपऱ्यांपाशी टेबलावर टेपचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे रोज तीच जागा सापडेल. ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत आणि महिनोन्‌महिने कॅनव्हास तिरका करून दोष झाकत राहतात.

दाबाचंही एकदा बघून घ्या. दाबाप्रमाणे जाडी बदलणारा ब्रश घ्या आणि अगदी हलक्या हातापासून जोरापर्यंत पाच रेघा ओढा. साध्या लिहिण्याच्या जोरातच रेघ पूर्ण जाड होत असेल, किंवा पूर्ण जाडीसाठी अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबावं लागत असेल, तर ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती जाडी ते ठरवणारी वक्ररेषा, सरकवा. खोक्यावर छापलेले ८१९२ दाबपातळ्यांचे आकडे नवख्याला फारसे कामाचे नाहीत. किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते, ते जास्त महत्त्वाचं.

## सरावाचे नियम

कॅनव्हास २००० बाय १२५० पिक्सेल, पूर्ण पडद्यावर मावेल एवढा झूम, आणि तो झूम सराव संपेपर्यंत बदलायचा नाही. झूम करून काढलं की हात तेवढाच हलतो पण चित्रात रेघ लहान उमटते. चूक लहान दिसते, गेलेली नसते. ब्रश साधा गोल, जाडी ५ पिक्सेल, दाबाचा परिणाम बंद. क्रिटात बेसिक-१ हा ब्रश त्याला चालतो.

ब्रश स्मूदिंग, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय, नन वर ठेवा. क्रिटात ते मुळात बेसिक वर असतं, टूल ऑप्शन्समध्ये बदलता येतं. फोटोशॉपमध्ये स्मूदिंग आणि क्लिप स्टुडिओमध्ये स्टॅबिलायझेशन शून्य करा. स्टॅबिलायझर वाईट नाही, पक्की शाईची रेघ ओढताना तो हवाच. पण त्याने रेघ पेनाच्या मागून फरफटत येते, हात तिची वाट बघत हळू चालायला शिकतो आणि कोपरे गोल होतात. शिकताना हाताला स्वतःची खरी रेघ दिसायला हवी.

आणि अनडू नाही. हा नियम सगळ्यांत जड जातो आणि सगळ्यांत जास्त उपयोगाचा आहे. अनडू करत अकराव्यांदा चांगली आलेली रेघ योगायोगाची असते. न पुसलेल्या वीस रेघा शेजारी शेजारी असल्या की दिसतं: पंधरा रेघा शेवटी खाली वाकल्या आहेत. मग कुठे काय बदलायचं ते कळतं. सराव संपल्यावर नव्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या पारदर्शक थरावर, लाल रंगाने चुकांवर खुणा करा आणि फाइलला तारखेचं नाव देऊन ठेवा.

रोज वीस मिनिटं, दहा-दहाचे दोन भाग, मधे हात झटकून मोकळा करा. अंगठ्याला मुंग्या आल्या किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी थांबा. पकड घट्ट होत असल्याची ती खूण आहे. आठवडाभर माउस बाजूला ठेवून फोल्डर उघडणं, फाइल हलवणं हेही पेनानेच करा. नजर आणि हाताची जागा यांची जुळणी त्याने लवकर होते.

## पहिला आठवडा: दोन ठिपके, एक रेघ

सगळ्या सरावाचा कणा हा आहे, घाई करू नका.

१. कॅनव्हासवर दोन ठिपके द्या. टॅब्लेटवर मोजलं तर त्यांच्यात तीन सेंटीमीटर अंतर असावं.

२. पेन टॅब्लेटच्या वर तीन-चार मिलिमीटर तरंगत ठेवा. पेन साधारण सेंटीमीटरभर उंचीपर्यंत ओळखला जातो, त्यामुळे कर्सर पडद्यावर हलताना दिसतो. तसाच हवेत पहिल्या ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीनदा फिरवा. हात ती वाट ओळखू लागेल.

३. नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा, कर्सरवर नाही.

४. त्याच वेगात, हवेतली हालचाल न थांबवता, पेन खाली आणा आणि एका फटकाऱ्यात रेघ ओढा. तीन सेंटीमीटरला ‘एक’ म्हणायलाही वेळ लागू नये.

५. चुकली तरी तिच्यावरून दुसरी रेघ नाही. पुढचे दोन ठिपके घ्या.

अशा वीस झाल्या की आठ सेंटीमीटरच्या वीस आणि मग, टॅब्लेट मोठा असेल तर, पंधरा सेंटीमीटरच्या दहा. आडव्या, उभ्या, दोन्ही तिरक्या. कॅनव्हास फिरवून सोयीच्या दिशेला आणायला नंतर मुभा आहे, क्रिटात ४ आणि ६ ही बटणं त्यासाठीच आहेत. पण या आठवड्यात कॅनव्हास जागचा हलवू नका.

काय बिघडतं ते रेघच सांगते. बारीक लाटा उठल्या तर तुम्ही हळू चालला आहात किंवा टोकाकडे बघता आहात. रेघ कमानीसारखी वाकली तर मनगट एका जागी टेकून फिरतंय. आठ सेंटीमीटरच्या रेघेला कोपरातून आणि पंधराच्या रेघेला खांद्यातून हालचाल हवी, मनगट फक्त सोबत जातं. सुरुवातीला हुकासारखा वळसा दिसला तर पेन आधी टेकतंय आणि हात नंतर निघतोय. शेवटी वळसा असेल तर हात थांबल्यावर पेन उचललं जातंय. रेघ ठिपक्याच्या पुढे गेली तर काळजी नको. आधी सरळपणा येतो, नेमकं थांबणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं. दोन्ही एकदम मागितलं की हात आखडतो.

दोन-तीन दिवसांनी यात एक भर घाला: एक रेघ मारा आणि बरोबर तिच्यावरून आणखी सात मारा. सुरुवातीचं टोक एकत्र आणि शेवट पिसाऱ्यासारखा फुटलेला असेल तर ते चालेल. सुरुवातच फुटत असेल तर पेन टेकवण्यात घाई होतेय.

शेवटचे दोन दिवस समांतर रेघांना द्या: पाच सेंटीमीटर लांब, पाच मिलिमीटर अंतराने, नंतर तीन मिलिमीटर अंतराने.

## दुसरा आठवडा: वळणं

वळणाचा सराव आपल्याकडे पाटीवरच सुरू झालेला असतो, तोच इथे पुन्हा घोटा. देवनागरी अक्षरं सहा-सात सेंटीमीटर उंच लिहा. ‘ठ’मध्ये बंद वर्तुळ आहे, ‘ळ’मध्ये आडवा आठ, ‘श’ आणि ‘ल’मध्ये एकमेकांत उतरणारी वळणं. प्रत्येक वळण एका हालचालीत, हवेत फिरवून मगच. मोडी लिहिणारे आधी पानभर शिरोरेघा ओढून घेत आणि मग अक्षरं लिहीत. तसंच इथेही करा: आधी दहा लांब शिरोरेघा, नंतर त्यांना अक्षरं टांगा. आडव्या रेघेचा सराव आपोआप होतो.

त्याहून कस लावणारी गोष्ट म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ७ ते ४ ठिपक्यांची मांडणी एका लेयरवर करून तो लेयर लॉक करा. मधल्या ओळीत ७ आणि दोन्ही बाजूंना ६, ५, ४ असे उतरते, एकूण ३७ ठिपके. टॅब्लेटवर दोन ठिपक्यांतलं अंतर दीड सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. छोट्या टॅब्लेटवर एक सेंटीमीटर. वरच्या नव्या लेयरवर कमळाच्या पाकळ्या जोडा. पाकळीची एक बाजू म्हणजे एक फटकारा, दोन्ही बाजू टोकाशी मिळायला हव्यात. जमिनीवरच्या रांगोळीत चुकलेली रेघ बोटाने पुसता येते, इथे पुसायची नाही. लेयर लपवा, नवा घ्या, त्याच ठिपक्यांवर पुन्हा काढा. आठ दिवसांनी पहिला आणि शेवटचा लेयर एकावर एक दाखवून पाहा.

पाकळी गाठीगाठींची दिसली तर तुम्ही ठिपक्याशी थांबून पुढे जाता आहात. ठिपके वाट दाखवायला आहेत, थांबायला नाहीत. नजर नेहमी एक ठिपका पुढे असू द्या.

## तिसरा आठवडा: लंबवर्तुळ आणि दाब

चार सेंटीमीटर बाय अडीच सेंटीमीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येकीत चारही कडांना टेकणारं लंबवर्तुळ काढा. हवेत फिरवता फिरवताच पेन टेकवायचं, दोन फेऱ्या मारायच्या, उचलायचं. एका फेरीत टोकं जुळत नाहीत, चार फेऱ्यांत काळपट गुंता होतो. कडा टोकदार झाल्या तर वळणावर वेग तुटतोय. एक बाजू फुगली तर हालचाल मनगटातून होतेय.

दाबाच्या सरावाला आता बेसिक-५ साइझसारखा जाडी बदलणारा ब्रश घ्या. आठ सेंटीमीटरची रेघ, टोकं बारीक, मध्य जाड. नंतर उलट. जाडी पायऱ्यापायऱ्यांनी वाढली तर बोटं दाबली जाताहेत. वजन हाताचं उतरू द्या. हे पंधरा-वीस रेघांपुरतं रोज पुरे.

## चौथा आठवडा: तांब्या

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात तांब्या काढलेला असेल तर तो ओळखीचा आहे. तांब्या म्हणजे उभ्या अक्षावर रचलेली चार लंबवर्तुळं: काठ, गळा, पोट, बूड. समोर खरा तांब्या ठेवा, नजरेपेक्षा खाली. आधी उभी अक्षरेघ एका फटकाऱ्यात. तिच्यावर चार आडव्या रुंदी-रेघा, दोन्ही बाजूंना सारख्या. मग लंबवर्तुळं. वस्तू नजरेखाली असते तेव्हा खालचं लंबवर्तुळ वरच्यापेक्षा जास्त उघडं, गोलाकडे झुकलेलं दिसतं. नवख्याच्या चित्रात काठ भरपूर गोल आणि बूड सपाट रेघ असं उलटं होतं, आणि तांब्या टेबलावर बसलेला वाटत नाही. बूड पूर्ण लंबवर्तुळ म्हणून आरपार काढा, मागची बाजू नंतर पुसता येईल.

आता बाहेरची वळणं: काठापासून गळ्यापर्यंत एक, गळ्यापासून पोटाच्या फुगवट्यापर्यंत दुसरं, तिथून बुडापर्यंत तिसरं. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावी बाजू सोपी जाते आणि उजवी चपटी होते. क्रिटात एम दाबून चित्र आरशासारखं उलटं करून बघा, कुठली बाजू बसली आहे ते लगेच दिसेल. कच्च्या लेयरची पारदर्शकता २० टक्क्यांवर आणा, वर नवा लेयर घ्या, आणि आता हवं तर स्मूदिंग पुन्हा बेसिक करून पक्की रेघ ओढा. अनडूही आता मोकळा. आठवडाभर रोज एक तांब्या, त्याच जागी ठेवलेला, त्याच मापाचा.